आधी वरंबा, मग झाड: कनाक कंदशेतीत वनशेती बसवताना कामांचा क्रम

न्यू कॅलेडोनिया या दक्षिण पॅसिफिकमधल्या फ्रेंच बेटांवरची, तिथल्या मूळ रहिवासी कनाक लोकांची कंदशेती आणि आजची वनशेती एकत्र कशी आणायची, याचे आराखडे माझ्याकडे येत असतात. काही कृषी शाखेच्या विद्यार्थ्यांचे असतात, काही पॅसिफिकमध्ये प्रकल्पावर निघालेल्यांचे, तर काही घरच्या परसात तोच प्रयोग करू पाहणाऱ्या कोकणातल्या मंडळींचे. जवळजवळ सगळ्यांत एकच चूक असते. झाडांच्या रांगा आधी आखलेल्या असतात आणि उरलेल्या पट्ट्यांत कंद बसवलेले असतात. कनाक शेतात वर्ष कोनफळाचं असतं. वरंबा कुठे, कधी आणि कोणाच्या परवानगीने हे ठरल्यावर झाडाला जागा मिळते. क्रम उलटा केला की दोन-तीन वर्षांत वेल सावलीत जातो, करपा येतो, आणि जमिनीवरून बोलाचाली सुरू होते ती वेगळीच.

कोनफळ म्हणजे डायोस्कोरिया अलाटा, आपल्याकडे कोकणात ज्याला घोरकंद किंवा चीना म्हणतात तेच. त्याच्या जोडीला अळू, तेही अळकुडीसाठी. खाली दिलेला क्रम ग्रांद तेर या मुख्य बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या, म्हणजे प्वांदिमिए, वाईलू या भागातल्या पावसाळी दऱ्यांसाठी आहे. मारे, लिफू, उवेआ या लॉयल्टी बेटांवर प्रवाळाचा चुनखडक आहे, मातीचा थर पातळ आहे आणि ओढे-नद्या नाहीत. तिथे उंच वरंबे आणि पाण्याची अळूखाचरं चालत नाहीत.

१. परवानगी: जमिनीची वेगळी, झाडाची वेगळी

हा टप्पा औपचारिकता समजून उरकला जातो. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, म्हणून यावर जास्त लिहिते.

कनाक कुळांची (इथे कूळ म्हणजे घराणं, जमीन कसणारं कूळ नव्हे) परंपरागत जमीन विकता येत नाही, कोणाच्या नावावर करता येत नाही, जप्तही होत नाही. 1999 च्या कायद्याने हे स्पष्ट केलं आहे. कसायला मात्र ती दिली-घेतली जाते, आणि ती कोणी कोणाला दिली हे सगळ्या वस्तीला माहीत असतं. कोनफळ लावणं म्हणजे एका हंगामाचा वापर. झाड लावणं म्हणजे पुढची वीस-तीस वर्षं मी इथे आहे असं सांगणं. कोणाच्या पूर्वजांनी कुठे नारळ लावले, कुठे सूचिपर्णी अरोकेरिया उभे केले, त्यावरून घराच्या जुन्या जागा आणि वाटा आजही ओळखल्या जातात. त्यामुळे दुसऱ्या कुळाने दिलेल्या जमिनीवर न विचारता फणसवर्गीय झाडं किंवा चंदन लावलं, तर तो जमिनीवरचा दावा वाटू शकतो. तुमचा हेतू कितीही चांगला असो.

क्रम असा ठेवा:

अ) यजमान कुटुंबातल्या कोणाला तरी बरोबर घेऊन त्या जमिनीच्या कुळातल्या वडीलधाऱ्यांकडे जा. बरोबर कापडाचा तुकडा (तिथे त्याला मानू म्हणतात), तंबाखू आणि थोडे पैसे असतात. ते खाली ठेवायचे आणि कोण आहोत, कशासाठी आलो आहोत हे बोलून सांगायचं. वस्तूइतकंच महत्त्व त्या बोलण्याला आहे. बोलणं घाईने उरकू नका.

आ) कंदाची आणि झाडाची परवानगी दोन वेगळ्या वाक्यांत मागा. "शेती करायची आहे" एवढ्यावर थांबलात, तर होकार फक्त कंदाला मिळालेला असतो.

इ) झाडांबद्दल चार गोष्टी आधीच ठरवा: फळ कोण घेणार, लाकूड कोण तोडणार, किती वर्षं, आणि जमीन परत हवी झाली तर उभ्या झाडांचं काय. पक्कं करायचं असेल तर 2007 पासून परंपरागत ठरावाची नोंद करून घेण्याची अधिकृत सोय आहे. यजमान कुटुंबच त्याची सुरुवात करतं, पाहुणा नाही.

तपासणी: झाडाला "हो" कोण म्हणालं ते तुम्हाला नेमकं सांगता येतं का? "सगळे हो म्हणाले" हे उत्तर असेल, तर पुन्हा जा.

२. वर्षाची वही

हे दक्षिण गोलार्धातलं शेत आहे. कोकणात कोनफळ पावसाच्या तोंडावर लागतं आणि थंडीत निघतं. तिथे साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर लागवड होते आणि फेब्रुवारी-मार्चपासून पहिले कंद निघायला लागतात. आपल्या महिन्यांनी तिथलं वेळापत्रक आखणं ही दुसरी नेहमीची चूक. तिथले महिने उचलून कोकणात आणणं हीसुद्धा तीच चूक.

तिथले जुने शेतकरी तारखेवर नाही, खुणांवर चालतात. पांगाऱ्याला लाल फुलं येणं ही लागवडीची मोठी खूण. किनाऱ्यावर जुलै ते सप्टेंबरात दिसणारे कुबड्या देवमासे ही दुसरी. आधुनिक काम इथे एवढंच आहे: वहीत खूण आणि तारीख दोन्ही लिहा, शेजारी त्या आठवड्याचा पाऊस आणि मातीचं तापमान. तीन-चार वर्षांनी खूण आणि पाऊस यांची फारकत होते आहे का ते दिसतं. पहिल्याच वर्षी "खुणा आता चालत नाहीत" असा निष्कर्ष काढू नका.

३. जागा: माती, वारा, सावली

माती. ग्रांद तेरवर निकेलच्या खाणी आहेत त्या लाल डोंगरांखालच्या मातीत मॅग्नेशियम आणि निकेल जास्त, कॅल्शियम कमी असतं. तिथून वाहून आलेल्या मातीत कंद खुरटतात. नदीकाठच्या गाळाच्या मातीला ही अडचण सहसा नसते. वरच्या बाजूला लाल डोंगर दिसत असेल, तर लागवडीआधी माती तपासा. सामू आणि नत्र-स्फुरद-पालाश पुरेसं नाही, कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाणही मागून घ्या.

वारा आणि सावली. हा मुद्दा आपल्या लोकांच्या हातून हमखास चुकतो. आपल्याला दक्षिणेकडून येणाऱ्या उन्हाची सवय असते. तिथे थंडीत आणि कोंब फुटायच्या दिवसांत सूर्य उत्तरेकडे असतो आणि झाडाची सावली दक्षिणेला पडते. डिसेंबरात तो जवळपास डोक्यावर येतो. नेहमीचा व्यापारी वारा आग्नेयेकडून येतो. म्हणून झाडांची रांग वरंब्यांच्या दक्षिण-आग्नेय बाजूला ठेवली की वारा अडतो आणि सावली वरंब्यावर न पडता बाहेर जाते. उत्तरेच्या बाजूला उंच झाड नको.

उतार. वरंबे उतारावर कोणत्या दिशेने घालायचे हे त्या दरीतल्या जुन्या वरंब्यांवरून ठरवा. गवतात दबलेले जुने उंचवटे सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात स्पष्ट दिसतात. ते सपाट करून नवीन आखणी करू नका, आणि काही करायच्या आधी ते कोणाचे आहेत ते विचारा.

४. कुंपण, तेही वरंब्याआधी

रुसा जातीची हरणं आणि रानडुकरं, दोन्ही बाहेरून आणलेली, आज बेटभर आहेत. डुक्कर एका रात्रीत वरंबा उकरतं, हरीण कोवळ्या झाडाची साल सोलतं. कुंपणाच्या खांबांना तिथे गायाक म्हणजे अकेशिया स्पिरॉर्बिसचं टणक लाकूड वापरतात. कुंपण झाल्याशिवाय मातीला कुदळ लावू नका. "झाडं वाढली की जिवंत कुंपण होईल" हा आराखडा कागदावर छान दिसतो, पण पहिली दोन वर्षं त्यात काही उभं राहत नाही.

५. वरंबा

कोनफळाचा कंद खाली वाढतो. वाटेत कठीण थर लागला की त्याला फाटे फुटतात. म्हणून कनाक वरंबा आपल्या हळदीच्या वरंब्यापेक्षा फार मोठा असतो. जुने वरंबे मीटरभर आणि त्याहून उंच, काही ठिकाणी चंद्रकोरीच्या आकाराचे. घरच्या खाण्यासाठी 60 ते 80 सेंमी उंची पुरते. मानाच्या लांब कंदांसाठी मीटरभर घ्या.

अ) जमीन जाळून साफ करू नका. लागवडीचे महिने तिथे कोरडे असतात आणि वणवे याच काळात पेटतात. कापलेलं गवत बाजूला रचून ठेवा, आच्छादनाला लागेल.

आ) माती वापशावर असतानाच खणा. ओल्या मातीचा वरंबा वाळल्यावर विटेसारखा होतो.

इ) आधी तळ खणून मोकळा करा, मग दोन्ही बाजूंची वरची काळी माती त्यावर ओढा. तळ न खणता फक्त माती चढवली, की कंद वरंब्याइतका खाली जातो आणि तिथेच वाकडा होतो.

ई) वरंब्याच्या पायथ्याशी पाणी निघून जायला चर ठेवा. कोनफळाला साचलेलं पाणी अजिबात चालत नाही.

तपासणी: वरून लोखंडी सळई हाताने दाबा. ती वरंब्याच्या उंचीपेक्षा किमान वीतभर खाली सहज गेली पाहिजे.

६. बेणं

त्या बेटांवर 28 कनाक भाषा आहेत आणि कोनफळाच्या वाणांना प्रत्येक भाषेत आपापली नावं आहेत. नाव विचारून त्याच भाषेत लिहून ठेवा. फ्रेंच किंवा शास्त्रीय नाव पुढे बेणं बदलताना उपयोगी पडत नाही.

काही वाण कुळाचे असतात. लग्नात, दुखवट्यात, दोन कुळांच्या देवघेवीत तेच दिले जातात. ते प्रयोगासाठी मागू नका. दाखवायला दिले तरी फोड मागू नका. प्रयोगाचं बेणं बाजारातून किंवा यजमान सांगतील त्या घरून घ्या. फिजीतल्या सुवा इथे पॅसिफिक समुदाय या बेट-देशांच्या संघटनेच्या केंद्रात कोनफळ आणि अळूच्या वाणांचा मोठा संग्रह आहे आणि तिथून ऊतीसंवर्धित रोपं संस्थांमार्फत मिळतात.

फोड 200 ते 300 ग्रॅमची करा. वेलाकडचं टोक, म्हणजे कंदाचं डोकं, आधी फुटतं. मधला भाग आणि खालचा भाग मागाहून. तिन्ही मिसळून लावल्या की वरंब्यावर एक वेल कमरेएवढा आणि शेजारी नुसती माती, असं होतं. डोकी, मधले तुकडे आणि शेवट वेगवेगळ्या वरंब्यांवर लावा. कापलेल्या बाजूला लाकडाची राख लावून फोडी सावलीत एक-दोन दिवस सुकू द्या. मग वरंब्याच्या माथ्यावर 10 ते 15 सेंमी खोल, दोन फोडींत अर्धा ते एक मीटर अंतर.

सावधान: कोकणातलं बेणं तिथे किंवा तिथलं इथे सामानातून नेऊ नका. दोन्हीकडे विलगीकरणाचे नियम कडक आहेत, आणि ते असलेच पाहिजेत.

७. काठी, आच्छादन, करपा

वेल हातभर होण्याआधी 2 ते 3 मीटरची काठी लावा. वेल जमिनीवर लोळला की पाऊस मातीचे शिंतोडे पानांवर उडवतो आणि करपा तिथून चढतो. कोलेटोट्रायकम बुरशीचा हा रोग कोनफळाचा सगळ्यात मोठा शत्रू आहे. पानांवर आणि शिरांवर काळे डाग पडतात, शेंडा जळतो आणि जानेवारीतच वेल उभ्याने वाळतो.

वनशेतीतला धोका नेमका इथे आहे. झाडं हवा कोंडतात, पानं जास्त वेळ ओली राहतात, करप्याला तेच हवं असतं. म्हणून वेलाच्या डोक्यावर कायम सावली देणारी कोणतीही रचना मी नाकारते, मग ती कितीही "बहुस्तरीय" असो. कोनफळाला उघडं आकाश द्या. बहुस्तर शेताच्या कडेला करा.

आच्छादन जाड घाला, पण खोडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवा. कुजके नारळाचे ओंडके शेतात रचू नका. नारळावरचा गेंड्या भुंगा 2019 पासून न्यू कॅलेडोनियात आहे आणि तो अशाच ढिगांत वाढतो.

तपासणी: सकाळी नऊ वाजता पानं कोरडी झालेली असावीत. शेजारचं मोकळं शेत कोरडं आणि तुमचं ओलं असेल, तर झाडं छाटायची वेळ टळून गेली आहे.

८. आता झाडं

कोनफळ काठीवर चढलं, जानेवारीत पावसाने जोर धरला, की झाडं लावा. त्याआधी नाही. ऑगस्टपासूनच्या कोरड्या महिन्यांत लावलेली रोपं पाणी मागतात आणि ते पाणी वरंब्याच्या वाट्याचं असतं.

रांग वरंब्याच्या पायथ्यापासून 3 ते 4 मीटर दूर. दोन रांगांत 10 ते 12 मीटर ठेवलं, तर मध्ये मोठ्या वरंब्याला जागा उरते.

पांगारा हा पहिला. तो नत्र धरतो, मनगटाएवढ्या जाड फांदीच्या खुंटापासून लागतो आणि पाला भरपूर देतो. खुंट दोन-चार दिवस सावलीत ठेवून मग लावा. पानांवर, देठांवर गाठी दिसल्या तर ते झाड बेण्याला घेऊ नका. पांगाऱ्यावरच्या गाठमाशीने 2005 मध्ये हवाईतले पांगारे उजाड केले होते.

गायाक हाही स्थानिक आणि नत्र धरणारा. तो चंदनाला यजमान म्हणूनही चालतो. तिथलं चंदन वेगळ्या जातीचं असलं तरी आपल्या चंदनासारखंच अर्धपरजीवी आहे. महाराष्ट्रात चंदनाशेजारी तूर लावणाऱ्यांना हे सांगायला नको. त्याची मुळं शेजाऱ्याच्या मुळांना चिकटतात, म्हणून चंदन वरंब्याच्या रांगेत नको, बाहेरच्या कडेला गायाकासोबत लावा. गाभा तयार व्हायला दशकं लागतात, तेव्हा पहिल्या टप्प्यातल्या चार प्रश्नांची उत्तरं चंदनासाठी आधी हवीत.

नीरफणस, नारळ, कॉफी हे घराजवळच्या बाजूला. कॉफीला सावली चालते, तेव्हा ती झाडांच्या रांगेतच बसवा.

सुबाभूळ लावू नका. आपल्याकडे ती चाऱ्यासाठी लोकप्रिय असली तरी तिथे ती मोकाट पसरते.

सावधान: रोपवाटिकेच्या पिशवीतून विजेचा चटका बसावा तशी चावणारी छोटी लाल मुंगी शेतात येते. एकदा आली की काढणी हाताने करणं मुश्कील होतं. पिशव्यांवर शेंगदाण्याचं लोणी लावलेल्या काड्या तासभर ठेवा. मुंग्या जमल्या तर ती सगळी खेप परत करा.

९. अळूची खाचरं

पाणी असेल तरच. कनाक समजुतीत कोनफळ कोरड्याचं आणि पुरुषाचं, अळू ओल्याचं आणि स्त्रीचं. शेतात याचा सरळ अर्थ असा की दोघांचं पाणी वेगळं. पाटाचं पाणी खाचरांतून सतत वाहतं राहिलं पाहिजे. साचून तापलं की अळकुडी सडते. लागवडीला देठाचा वीतभर भाग आणि त्याला चिकटलेली अळकुडीची पातळ चकती पुरते. खाचरांच्या दगडी बांधांवर झाड लावू नका, मुळं बांध फोडतात. तिथे केळ किंवा ऊस चालेल.

१०. छाटणी आणि वादळ

दोन छाटण्या. पहिली ऑगस्ट-सप्टेंबरात, कोंब वर येण्याच्या सुमारास, म्हणजे पाला थेट आच्छादनाला जातो. दुसरी नोव्हेंबरच्या अखेरीस. डिसेंबर ते एप्रिल वादळांचा काळ असतो, आणि वजनदार माथ्याचा पांगारा वरंब्यावर कोसळला तर वर्ष गेलं. माथा हलका करा, पण सगळ्या फांद्या बुंध्यापर्यंत उतरवू नका.

एक मात्र लक्षात ठेवा. दरवर्षी जोरात छाटलेला पांगारा नीट फुलत नाही, आणि फुलला नाही तर लागवडीची खूणच जाते. प्रत्येक शेतात दोन पांगारे न छाटता ठेवा, वरंब्यांपासून दूर. कोणते ते यजमानांना ठरवू द्या.

११. काढणी आणि पड

पहिले कंद वडीलधाऱ्यांना, कुळप्रमुखांना, चर्चमध्ये दिल्याशिवाय नवीन कोनफळ खाल्लं जात नाही. तुमच्या प्रयोगाच्या वरंब्यालाही हा नियम लागू आहे. वजन-मापं घ्यायची म्हणून आधी खणू नका.

पानं पिवळी पडून वेल वाळला की काढा. लोखंडी टिकाव नको, लाकडी काठीने बाजूने माती मोकळी करा. जखम झालेले कंद वेगळे काढून आधी खा. पुढच्या बेण्याचे कंद हवेशीर, कोरड्या, अंधाऱ्या जागी मांडणीवर ठेवा, ढीग करू नका, आणि दर पंधरा दिवसांनी हात लावून पाहा.

त्याच वरंब्यावर लगेच पुन्हा कोनफळ नाही. दुसऱ्या वर्षी केळी, ऊस, कसावा, पानं खाण्यासाठी लावतात ती कनाक कोबीची झुडपं. मग पड. जुन्या पद्धतीत पड बरीच वर्षं असे. आता जमीन कमी, म्हणून ती आखूड होते. वनशेतीचं खरं काम इथे आहे. आठव्या टप्प्यात लावलेल्या रांगा आता पडीक जमिनीत पाला टाकत उभ्या असतात, त्यांच्यामध्ये झुडूप येऊ द्या, पण गवताचा गालिचा होऊ देऊ नका. परत वरंबा कधी घालायचा हे वर्षं मोजून ठरवू नका. गवत मागे हटून जमिनीवर पाल्याचा थर टिकायला लागला, मूठभर माती दाबून सोडल्यावर भुसभुशीत सुटली, गांडुळं दिसली, की वडीलधाऱ्यांना दाखवा आणि त्यांचं मत वहीत लिहा.

नवीन वरंबा घालताना झाडांची जी मुळं आत आली असतील ती फावड्याने तोडली तरी चालतात, पांगारा ते सहन करतो. अख्खं झाड काढायचं असेल, तर आधी ज्यांनी जागा दिली त्यांच्याकडे पुन्हा जा, कापडाचा तुकडा घेऊन.